अपघाताच्या चौकशीत कामगाराच्या कोणत्या नोंदी पाहता येतात?

कारखान्यात अपघात झाला की हजेरीपट, प्रशिक्षणाच्या नोंदी आणि वैद्यकीय तपासणीचे अहवाल मागवले जातात. त्यासाठी कामगाराची संमती आवश्यक आहे का?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू असलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० नुसार मृत्यू झाल्यास, किंवा दुखापतीमुळे कामगार ४८ तास अथवा अधिक काळ काम करू न शकल्यास, अपघाताची सूचना देणे मालकास बंधनकारक आहे. निरीक्षकास चौकशी करण्याचा व नोंदवह्या मागवण्याचा अधिकार आहे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ या अधिकाराच्या आड येत नाही. शासनास माहिती देणे कायद्याने बंधनकारक असेल, तर कलम ७ नुसार संमती लागत नाही. नोकरीविषयक कारणांसाठी, तसेच नुकसान वा दायित्वापासून मालकाच्या संरक्षणासाठीही मुभा आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेनुसार या तरतुदी १८ महिन्यांनी लागू होतील.

मात्र ही मुभा त्या हेतूपुरतीच आहे. यंत्राचे संरक्षक कवच निघालेले असताना कामगाराचा असंबद्ध जुना आजार पुढे करणे त्या हेतूत बसत नाही. नोंदी कोणी व कशासाठी पाहिल्या, हे लिहून ठेवल्यास खासगीपणा आणि चौकशीची विश्वासार्हता या दोहोंचे रक्षण होते.