वहीतली रेघ

परवा कपाट आवरताना २०२० सालची हिशेबाची वही हाती लागली. दूध, पेपर, वाणी, धुणंभांडी... दर महिन्याचं पान मांडायची आमच्याकडे सासूबाईंपासूनची रीत. त्या वहीत मे महिन्यापर्यंत मावशींच्या नावापुढे पगार आहे. जूनमध्ये नुसती रेघ, आणि तिच्याखाली वॉशिंग मशीनचा पहिला हप्ता!

राज्यातले करोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यातच सापडले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली आणि पर्वतीच्या पायथ्याच्या जनता वसाहतीतून आमच्याकडे सदाशिव पेठेत पंधरा वर्षं येणाऱ्या मावशींची वाट बंद झाली. आम्ही घरबसल्या पगार दिला, त्याचं मनातल्या मनात कौतुकही करून घेतलं. जूनमध्ये निर्बंध सैल होऊ लागले, पण सोसायटीत ठरलं, ‘बाहेरचं कुणी नको.’ मीही मान डोलावली. आणि मग वहीत रेघ ओढली. ह्यांची पेन्शन मात्र एक महिनाही चुकली नव्हती.

पुण्याला साथ नवी नाही. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच वर्षी २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. हे सारं आपण शाळेत शिकलो. १८९७ सालचाच साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा लागू झाला, हेही पेपरात वाचलं. पण प्लेगात कुणाच्या घरची भांडी गहाण पडली, कुणाची चूल विझली, ते धड्यात नव्हतं. तो हिशेब घराघरांत राहतो आणि तिथंच विरून जातो.

जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू झालं. आपल्या पुण्यातच तयार झालेली लस घेऊन आम्ही निर्धास्त झालो आणि मावशींना निरोप धाडला. त्या आल्या, तेव्हा गळ्यात नुसती काळी पोत होती.

‘‘सोनं कुठंय हो?’’

‘‘गहाण हाय, काकू. रिक्षा दारात उभी, हप्ता थांबतोय व्हय? त्यात पोरीच्या अभ्यासाला मोबाइल लागला.’’

‘‘अहो, मागायचे ना माझ्याकडे!’’

भांडी विसळता विसळता त्या म्हणाल्या, ‘‘काम केल्यावर पगार मागता येतो, काकू. काम नसताना मागितलं की भीक होते.’’

मी गप्पच झाले. राहिलेल्या महिन्यांचे पैसे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते घेतले, मोजले आणि पदराला बांधले. पुढं सोनं सुटलं. पण मुलीचं बुडालेलं वर्ष? ते कुठल्या वहीत भरून काढायचं?

पुन्हा कधी साथ येईल, कोण सांगणार? आली, तर आधी मावशींचा पगार, मग बाकीचं, असं यंदाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

तुमच्या घरातही २०२० ची वही असेल. एकदा काढून बघा ना!