स्थळप्रत

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ओसरलं तेव्हा आमच्या तालमीच्या कट्ट्यावर पोरांनी वह्या वाळत घातल्या होत्या. एकेक पान सुटं करून वर खडा ठेवलेला. शाई सगळी पसरून निळे डाग झाले होते, तरी एकही पान टाकायला कुणी तयार नव्हतं. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. भिजलेली वही वाळली की फुगते, तिचा पुठ्ठा सुटतो आणि तिच्यावर पुन्हा लिहिता येत नाही. हे त्या पोरांना त्या दिवशी माझ्याच्यानं सांगवलं नाही.

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर आलं की इशारा आणि ४३ वर आलं की धोका, हे कोल्हापुरात लहान पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी ते ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद, पंपांवर पेट्रोल नाही, उपसा केंद्रं बुडाल्यानं गावभर पूर आणि नळ मात्र कोरडे. भात-भाकरी, कपडे, चादरी यांची मदत पुष्कळ आली. कुणी उपाशी राहू नये म्हणून हे शहर ज्या तळमळीनं धावलं, ते मी पाहिलं आहे. पण शाळा सुरू झाल्यावर काय, याचा विचार त्या गडबडीत मागे पडला. आठवीपर्यंतची पुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत मिळतात. नववी-दहावीची विकत घ्यावी लागतात, आणि ती पाणी शिरलेल्या घरांनी जूनमध्ये एकदा घेऊन झाली होती.

या वह्या-पुस्तकांच्या खर्चासाठी लकी ड्रॉ काढायची कल्पना तालमीतल्या तरुणांची. हिशेब बाईंकडे, असं त्यांनीच ठरवून टाकलं आणि मी आनंदानं हो म्हटलं. ५० रुपयांचं तिकीट, ५० तिकिटांचं एक पुस्तक, अशी ४० पुस्तकं छापली. सायकल, मिक्सर, साड्या, कोल्हापुरी चपलांचे जोड, सगळी बक्षिसं ओळखीच्या दुकानदारांनी फुकट दिली. सोडत अनंत चतुर्दशीच्या आधी काढायची होती. सहा दिवसांत १,१४० तिकिटं गेली. रोज रात्री पोरं पैसे आणून द्यायची, मी नोटा सरळ करून रबर लावायची, आणि मला फार समाधान वाटायचं.

सातव्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तो वकिली करतो. पाया पडला, चहा घेतला आणि म्हणाला, “बाई, हे थांबवा.” भारतीय दंड संहितेचं कलम २९४ अ त्यानं मला समजावून सांगितलं. सरकारची नसलेली आणि सरकारनं परवानगीही न दिलेली लॉटरी चालवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. (आता दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, तरी कलम २९७ म्हणून ही तरतूद कायम आहे.) मी म्हटलं, “अरे, पण हे पोरांच्या वह्यांसाठी आहे.” तो म्हणाला, “कायद्यात ‘कशासाठी’ असं विचारलेलं नाही, बाई.” महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालते, केरळ सरकार ‘कारुण्य’ लॉटरीच्या पैशातून गरीब रुग्णांच्या उपचारांना मदत करतं, पण तो अधिकार सरकारचा. आपण चांगल्या कामासाठी करतोय म्हणजे आपल्याला मुभा आहे, असं मी धरून चालले होते. एका वकिलाला आधी विचारायला मला दहा मिनिटं लागली असती.

त्याच रात्री विक्री बंद केली. ज्यांनी पैसे दिले त्यांच्या घरी जाऊन परत करायचे, असं ठरलं. ज्याला देणगी म्हणून ठेवायचे असतील त्याला नवी पावती, पण तीही धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१ क ची परवानगी हातात आल्यावरच.

मग मी पहिल्यांदा विकलेल्या तिकिटांच्या स्थळप्रती नीट वाचल्या. तोवर मी फक्त आकडे मोजत होते, नावं वाचलीच नव्हती. मंडईतल्या भाजीवाल्या, रिक्षावाले, गवंडी, भेळेच्या गाडीवरची पोरं, घरकाम करणाऱ्या बायका. काही पत्ते तर पाणी शिरलेल्या गल्ल्यांतलेच होते. ज्यांच्या घरात गुडघाभर चिखल होता, त्यांच्याकडून ५० रुपये घेऊन आम्ही त्यांच्याच शेजारच्या पोराला वह्या देणार होतो. हे वाचताना मला बसल्या जागी कापरं भरलं. मोठ्या बंगल्यांची नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पोरांना विचारलं तर म्हणाली, “बाई, तिथं वॉचमन आत सोडत नाही. मंडईत एका फेरीत पुस्तक संपतंय.” पोरांचं चुकलं नव्हतं. तिकीट जिथं सोपं खपतं तिथं ती गेली. कुठं खपवायचं आणि कुठं नाही, हे मी सांगायला हवं होतं.

नऊ संध्याकाळी आम्ही दारोदार फिरलो. कपिलतीर्थ मंडईत कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसलेल्या एका मावशींनी तीन तिकिटं घेतली होती, तिन्ही नातीच्या नावानं. मी १५० रुपये पुढं केले. त्यांनी ते घेतले, दोनदा मोजले आणि कमरेच्या पिशवीत ठेवले. मग विचारलं, “म्हंजे सायकल न्हाई व्हय?” मी नाही म्हटलं. “नातीला सांगून बसलोय की वो बाई,” एवढंच त्या म्हणाल्या आणि पुन्हा जुडी बांधायला लागल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आमच्या फलकावर सायकलचं चित्र हातभर आणि ‘पूरग्रस्त विद्यार्थ्यांसाठी’ ही ओळ बोटभर होती. मावशींनी फलक बरोबर वाचला होता. त्यांनी दान दिलंच नव्हतं, नातीच्या सायकलसाठी बाजारातून पैसे बाजूला काढले होते. ते आम्ही दान म्हणून जमेला धरले.

जवळपास निम्म्या लोकांनी पैसे परत घेतले, आणि मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. उरलेल्यांनी ‘पावती द्या म्हंजे झालं’ म्हणून ठेवायला सांगितले. आणखी एक गोष्ट घडली. ज्या घरांनी ‘आम्ही लॉटरी खेळत नाही’ म्हणून पोरांना परत पाठवलं होतं, तिथं मी नुसती यादी घेऊन गेले: अमुक इयत्ता, इतकी पुस्तकं, इतक्या वह्या. त्यांतल्या कित्येकांनी तिथल्या तिथं चार-चार मुलांचा खर्च उचलला. हे विद्यार्थी वसतिगृहांचं शहर आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, तेव्हापासून शिकणाऱ्या पोरासाठी मागितलं तर इथं हात आखडत नाहीत. मला हे माहीत असायला हवं होतं, आणि तरी मी मधे सायकल आणून उभी केली.

तेव्हापासून मला गायक-नट केशवराव भोसल्यांची वारंवार आठवण येते. जुलै १९२१ मध्ये कोल्हापूरचे केशवराव आणि बालगंधर्व मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले. त्या तिकिटानं प्रत्येकाला नाटक पाहायला मिळालं, रिकाम्या हातानं कुणी घरी गेलं नाही. आमच्या दोन हजार तिकिटांपैकी दहा-बारा सोडली तर बाकीचे सगळे रिकाम्या हातानंच जाणार होते.

बरोबर शंभर वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पंचगंगा २०१९ च्या खुणेच्याही वर चढली. त्यात कोरोना, शाळा बंद. त्या वेळी पुन्हा मदत गोळा केली, पण ना तिकीट, ना बक्षीस. परवानगी आधी, पावतीपुस्तकं नंतर. कोणतं पुस्तक कुणाकडं, त्याची सही रोज. मोबाइलवर यादी फिरली आणि तालमीच्या भिंतीवर जमाखर्चाचा कागद लावला, दर शनिवारी नवा. जमलेली रक्कम मोठी नव्हती, पण एका रुपयासाठीही मला कुणाच्या दारात मान खाली घालून उभं राहावं लागलं नाही.

एक हिशेब मात्र २०१९ पासून मिटलेला नाही. दोन पुस्तकांत मिळून २६ स्थळप्रती कोऱ्या निघाल्या. तिकिटं विकली होती, पैसे आले होते, पण नाव-पत्ता लिहायचा राहून गेला होता. ते १,३०० रुपये मी खर्चात घेऊ दिले नाहीत. वार्षिक हिशेबात ‘परत देणे’ अशी वेगळी ओळ आहे, आणि सभेत ती दरवर्षी मी मोठ्यानं वाचते.

गेल्या वर्षी गणपतीत एक रिक्षावाले तालमीपाशी थांबले. पाकिटातून चार घड्या पडलेलं गुलाबी तिकीट काढून त्यांनी विचारलं, “बाई, ह्याचं पुढं काय झालं वो?” मी त्यांना बसवलं, सगळं सांगितलं, ५० रुपये दिले आणि कोऱ्या स्थळप्रतीवर त्यांचं नाव लिहून सही घेतली. आता १,२५० राहिले आहेत.