मुलांच्या मेळ्याचें दप्तर

आपल्या मंडळाच्या तरुण सभासदांसाठीं इंटरनेटवर एक सामाईक जागा असावी, तेथें त्यांनीं आपापले प्रयोग मांडावे व एकमेकांचे पाहावे, अशी सूचना गेल्या कांहीं महिन्यांपासून मासिकाकडे येत आहे. सूचना स्तुत्य आहे. परंतु ती करणारे बहुतेक जण यंत्र कोणतें घ्यावें व खर्च किती येईल एवढ्याचाच विचार करितात. अशा जागेंत कशाची नोंद व्हावी व कशास मुळींच वाट ठेवूं नये, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यास उपयोगी पडेल असें एक उदाहरण वाचकांपुढें ठेवितों.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेच्या मीडिया लॅबमध्यें मिचेल रेझनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘स्क्रॅच’ नांवाची, मुलांनीं संगणकास आज्ञा देण्याची भाषा तयार केली. तींत रंगीत ठोकळे एकास एक जोडावयाचे, कीं पडद्यावरील चित्रें चालूं-बोलूं लागतात. ती मुख्यतः ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठीं आहे. ग्रामोफोनच्या तबकड्या हातानें मागेंपुढें फिरवून जुन्या गाण्यांतून नवें काढणाऱ्यांच्या कलेवरून हें नांव घेतलें. २००७ सालीं मुलांनीं आपलीं कामें मांडण्याची जागाहि इंटरनेटवर उघडण्यांत आली. तिचा तांत्रिक पाया मूळचे मेक्सिकोचे आंद्रेस मोनरॉय-हर्नांडेझ ह्यांनीं विद्यार्थी असतांना रचिला, व त्यास ‘स्क्रॅच-आर’ असें नांव दिलें.

ह्या पायांतील मुख्य गोष्ट अशी कीं, मांडलेलें प्रत्येक काम कोणासहि उघडून पाहतां येतें, त्याची प्रत घेतां येते, व तींत फेरबदल करून ती पुन्हां मांडतां येते. ह्यास तेथें ‘रीमिक्स’ म्हणतात. जाणत्या शेतकऱ्यास ह्यांत नवल वाटूं नये. शेजाऱ्याकडून बीं आणावें, आपल्या जमिनींत लावून पाहावें, चांगलीं कणसें निवडून पुढच्या वर्षास राखावीं, ही आपलीच जुनी रीत. मात्र बियाणें देणाऱ्याचें मन मोठें असतें, मुलांचें तेवढें नसतें. आपला खेळ दुसऱ्यानें उचलून आपल्या नांवावर मांडला, अशा तक्रारी होऊं लागल्या. प्रत घेण्याची सोय बंद करावी, तर मुलांचें एकमेकांपासून शिकणें संपणार; मोकळी ठेवावी, तर करणारा हिरमुसणार. तेव्हां चालकांनीं अशी योजना केली कीं, बदललेलें काम मांडतांच तें मूळ कोणाच्या कामावरून घेतलें ह्याची नोंद यंत्रानेंच आपोआप करावी, व ती सर्वांस दिसावी.

आम्हीं महसूल कचेरींत तीस वर्षें दप्तर सांभाळलें. त्यामुळें ही योजना वाचतांच फेरफाराची नोंदवही डोळ्यांपुढें आली. सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचें नांव खोडून नाहींसें करीत नाहींत. त्यास कंस करून फेरफाराचा क्रमांक घालतात, आणि त्या क्रमांकावरून मागें मागें जात जमीन कोणाकडून कोणाकडे आली तें काढतां येतें. योजना आम्हांस पूर्ण वाटली होती.

परंतु पुढें जें आढळलें तें आमच्यासारख्या दप्तरी माणसास विचार करावयास लावणारें आहे. यंत्राची नोंद असूनहि कुरकुर थांबली नाहीं. मोनरॉय-हर्नांडेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुलांस विचारून पाहिलें, व २०११ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. घेणाऱ्यानें स्वतः होऊन ‘हें अमक्याच्या कामावरून केलें, त्याचे आभार’ असे दोन शब्द लिहिले तर मूळ करणाऱ्यास संतोष होतो. तेंच नांव यंत्रानें छापलें तर त्याचें त्यास फारसें कांहीं वाटत नाहीं. फेरफाराच्या नोंदीनें मालकी ठरते, पण तेवढ्यानें भावाभावांत गोडी राहत नाहीं, हें चावडीवर बसलेल्या कोणासहि ठाऊक आहे. स्क्रॅचच्या जागेंत प्रत्येक कामाशेजारीं टिपण व आभार लिहिण्यास रिकामी चौकट ठेविलेली आहे. सगळ्या बांधणींत तीच आम्हांस सर्वांत मोलाची वाटते.

आतां बंद ठेविलेल्या वाटा पाहूं. खासगी पत्र पाठविण्याची सोय नाहीं. जें बोलणें तें चारचौघांत. खरें नांव न लावतां टोपणनांव घ्यावयाचें. आक्षेपार्ह मजकूर कळविण्याची सोय आहे, व तो तपासावयास माणसें नेमलेलीं आहेत. २०१३ सालीं नवी आवृत्ति आली, तेव्हां खेळांतील गुण मध्यवर्ती संगणकावर सांठवून सर्वांस दाखवितां येऊं लागले. ह्या सांठवणींत केवळ आंकडे राहतात, अक्षरें नाहींत; आणि नव्या सभासदास ही सोय दाखल होतांच मिळत नाहीं. पण मुलें तीं मुलेंच! त्यांनीं प्रत्येक अक्षरास एक आंकडा ठरवून तेवढ्यांतूनहि गप्पा मारण्याची युक्ति काढली. कुंपण कितीहि दाट घातलें तरी शेळी फट शोधतेच. म्हणून राखणदार ठेवावाच लागतो, व त्याचा खर्च पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकांत धरावा लागतो. आमच्याकडे आलेल्या सूचनापत्रांत ही बाब एकदांहि दिसली नाहीं.

दुसरी एक गोष्ट. २०१३ ची आवृत्ति ‘फ्लॅश’ नांवाच्या परक्या आधारावर उभी होती. त्या आधाराच्या मालकानें २०२० अखेर तो बंद केला. चालकांनीं तत्पूर्वींच, २०१९ च्या जानेवारींत, सर्व बांधणी नव्यानें केली होती, म्हणून मुलांचे जुने खेळ अजून चालतात. दुसऱ्याच्या विहिरीवर ऊस लावणाऱ्यास ह्याचा अर्थ सांगणें नलगे.

ज्या गांवीं इंटरनेट धड चालत नाहीं, तेथें स्क्रॅच संगणकावर उतरवून घेऊन वापरतां येतें. त्यास पैसे पडत नाहींत. ज्या सभासदांस आपल्याकडे अशी जागा काढण्याची हौस आहे, त्यांनीं प्रथम आपल्या मुलास वा मुलीस शेजारीं घेऊन तें महिनाभर पाहावें. मग यंत्राची किंमत विचारण्यापूर्वीं नोंदवहीचे रकाने कागदावर आंखून मंडळाकडे पाठवावे: प्रयोग कोणाचा, बियाणें वा कल्पना कोणाकडून घेतली, पालट कोणता केला, तपासणार कोण, आणि आभाराचा रकाना ज्यानें त्यानें आपल्या हातानें भरावयाचा. आलेले सर्व नमुने कार्यकारी मंडळाच्या पुढील बैठकीपुढें आम्ही ठेवूं.