फाइलच्या पोटातले दोन बाइट

गळीत हंगाम ऐन भरात असताना एका साखर कारखान्याच्या काट्यावरून फोन आला. जुना संगणक बंद पडला म्हणून नवा बसवला होता, पण वजनाचा प्रोग्राम उघडला की पडद्यावर यायचं: ही फाइल वैध विन३२ ॲप्लिकेशन नाही. एरर १९३. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली. तोडलेला ऊस नुसता उभा राहिला तरी वाळतो, वजन घटतं, आणि ते शेतकऱ्याच्या पदरचं जातं.

मी पोहोचेपर्यंत प्रोग्राम तीनदा काढून पुन्हा बसवून झाला होता. काट्याचा आकडा वाचणारी डीएलएल मात्र नव्याने मागवलेली होती. माझा संशय तिच्यावर.

ती हेक्स एडिटरमध्ये उघडली. सुरुवातीलाच एम आणि झेड. डॉसच्या काळातले मायक्रोसॉफ्टचे प्रोग्रामर मार्क झ्बिकोव्स्की यांची ही आद्याक्षरं आजही अशा प्रत्येक फाइलच्या तोंडाशी असतात. तिथून ३सी या स्थानावर जायचं. खरं हेडर कुठे आहे ते तिथे लिहिलेलं असतं. इथे होतं एफ८. त्या जागी पी, ई, दोन शून्यं आणि त्यांना लागून ६४ ८६. खालचा बाइट आधी लिहिलेला असतो, म्हणून वाचायचं उलटं: ८६६४. म्हणजे ६४ बिट. मग प्रोग्रामची एक्झी उघडली. तिच्या हेडरमध्ये त्याच ठिकाणी ४सी ०१, म्हणजे ०१४सी. ही ३२ बिटची.

दोष सापडला. ३२ बिटच्या प्रोग्राममध्ये मेमरीचा पत्ता ४ बाइटांचा, ६४ बिटमध्ये ८ बाइटांचा. एकाच प्रोसेसमध्ये दोघांचं जमत नाही. संगणक ६४ बिटचा, म्हणून डीएलएलही ६४ बिटची मागवली गेली. पण डीएलएल जुळायला हवी ती तिला बोलावणाऱ्या प्रोग्रामशी.

जुन्या संगणकाची हार्ड डिस्क शाबूत होती. तिच्यातल्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये मूळ डीएलएल मिळाली. तीही उघडून पाहिली: ४सी ०१. क्लार्क ती नव्या संगणकाच्या सिस्टिम३२ मध्ये टाकायला निघाले.

“दादा, तिथे नको.”

“नावातच ३२ आहे की, साहेब.”

त्यांचं बोलणं चूक नव्हतं. नावंच फसवी आहेत. ६४ बिटच्या विंडोजमध्ये सिस्टिम३२ मध्ये ६४ बिटच्या फाइली राहतात आणि सिसवाव६४ मध्ये ३२ बिटच्या. ३२ बिटचा प्रोग्राम सिस्टिम३२ मागतो तेव्हा विंडोज त्याला न सांगता दुसरीकडे वळवतं, आणि डोळ्यांसमोर दिसणारी फाइल प्रोग्रामला सापडत नाही. ३२ बिटच्या हेक्स एडिटरलाही हेच लागू, त्यामुळे तपासताना भलतीच फाइल उघडली जाऊ शकते. मी सिस्टिम फोल्डरातली फाइल आधी डेस्कटॉपवर घेतो, मगच उघडतो.

डीएलएल प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये, एक्झीच्या शेजारी ठेवली. प्रोग्राम उघडला. पहिली ट्रॉली काट्यावर चढली, आकडा थोडा हलला आणि थांबला. क्लार्कनी पावती फाडून खिडकीतून बाहेर दिली.