चित्राच्या पाठीमागे

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी गंजलेली कुलुपे, काचा नसलेले कंदील आणि जोडीदार हरवलेल्या कपबशा यांच्या शेजारी एका बारदानावर जुन्या कागदांचे ढीग पडलेले असतात. पोस्टकार्डे, फोटो, कॅलेंडरांची चित्रे, आगपेट्यांचे छाप, लग्नपत्रिका, कोर्टाचे स्टँप! पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अशाच एका ढिगापुढे मी पहिल्यांदा बसले, तेव्हा एकेक कार्ड उचलायचे, उलटे करायचे, पाठ वाचायची आणि पुन्हा ठेवायचे, असा माझा उद्योग चालला होता. विक्रेत्याने पाच-दहा मिनिटे तो सोसला. शेवटी न राहवून तो म्हणाला, "बाई, चित्र इकडच्या बाजूला आहे."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण कागद जमवण्याचा नाद लागलेल्या माणसाची ही खोड जात नाही. चित्र काय, ते तर सगळ्यांसाठीच असते. कागदाचे गोत्र, गाव, वय आणि कधीकधी त्याचे सारे दुःख पाठीवर असते.

पोस्टकार्ड ही वस्तू ऑस्ट्रिया-हंगेरीने १ ऑक्टोबर १८६९ रोजी जगात आणली. आपल्याकडे ती १ जुलै १८७९ रोजी अवतरली. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा! एका पैशात कन्याकुमारीपासून पेशावरपर्यंत खुशाली पोचू लागली. आपल्या घरांत आलेली कार्डे बहुतेक सरकारी, साधी, बिनचित्राची असत. वाचून झाली की ती दाराशेजारच्या तारेत खोचली जात. म्हणून जुन्या मराठी कार्डाच्या मधोमध एक भोक असते. मला ते भोक दिसले की खात्री पटते, हे कार्ड कुणाच्या तरी घरी नीट नांदलेले आहे. वर 'श्री', खाली मोडीत किंवा बाळबोधीत शिरसाष्टांग नमस्कार, मग पाऊस, भाताची लावणी, मुलीला दाखवायला केव्हा आणता, आणि जागा संपली म्हणून कडेने उभी धावलेली शेवटची ओळ. कोपरा फाडलेले कार्ड मात्र ढिगात फारसे सापडत नाही. तसे कार्ड मृत्यूची बातमी घेऊन येई; ते वाचून लगेच फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाही, असा रिवाज होता. त्यामुळे आमच्या या संग्रहांत लग्ने, बारशी, मुंजी भरपूर आहेत. मरणे जवळजवळ नाहीतच. पुढच्या एखाद्या संशोधकाने यावरून आपले पूर्वज अमर होते असा निष्कर्ष काढू नये म्हणजे मिळवली!

चित्रांच्या कार्डांची कुळकथा वेगळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी मुंबईच्या चित्रकार्डांना बहर आला. क्लिफ्टन आणि कंपनीसारखे मुंबईचेच फोटोवाले ती प्रसिद्ध करीत. पण त्या काळची पुष्कळशी कार्डे उलटी करून पाहावीत, तर बारीक अक्षरांत जर्मनीत छापल्याची नोंद! रंगीत छपाईत जर्मनांचा हात धरणारा त्या काळी कोणी नव्हता. फोटो मुंबईत काढायचा, तो बोटीने तिकडे पाठवायचा, छापलेली कार्डे बोटीने इकडे आणायची, कोटातल्या दुकानात मांडायची. ती कुणी साहेबाने घ्यायची आणि पुन्हा बोटीनेच विलायतेला बहिणीला पाठवायची. एवढ्याशा पुठ्ठ्याने तीन वेळा समुद्र ओलांडलेला असे. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि ही जर्मन वाट बंद झाली.

पाठीचा आणखी एक कायदा होता. आरंभी पोस्टखात्याच्या नियमाने पाठीवर फक्त पत्ता लिहायचा. मजकुराने चित्राच्या बाजूला, उरेल तेवढ्या जागेत, अंग चोरून बसायचे. इंग्लंडने १९०२ साली पाठीवर मधोमध रेघ मारून अर्धी बाजू मजकुराला दिली आणि मग इतर देशांनीही हळूहळू तीच रीत उचलली. तेव्हा चित्रावरच्या आकाशात शाईने लिहिलेले असेल आणि पाठीवर रेघ नसेल, तर कार्ड जुन्या रिवाजाचे समजावे. माझ्याकडच्या एका कार्डावर बोरीबंदरच्या घुमटाभोवती कुणा बाईने उन्हाळ्याची तक्रार अशी गोल लिहिली आहे, की ती वाचण्यासाठी कार्ड गिरणीच्या जात्यासारखे फिरवावे लागते. तिकिटाचाही उपयोग होतो. राणीचा मुखवटा असेल तर काळ १९०१ पर्यंतचा. दाढीवाला, टक्कल पडलेला एडवर्ड असेल तर त्यानंतरच्या दहा-एक वर्षांतला. मुकुट घातलेला पंचम जॉर्ज असेल तर पहिल्या महायुद्धाच्या आगचामागचा. टपालाचा शिक्का वाचता आला तर प्रश्नच मिटला. पण तो नेमका वर्षाच्या आकड्यावर पुसट असायचा, हा या छंदाचा अलिखित नियम आहे.

या कार्डांतली एक गोष्ट मला पहिल्यापासून टोचत आली. मुंबईची ही चित्रे मुंबईकराने फारशी ठेवलीच नाहीत. ती साहेबांच्या घरच्या आल्बमांत राहिली आणि शंभर वर्षांनी ते आल्बम फुटले तेव्हा इकडे परत आली. आणि त्या चित्रांतली माणसे? इमारतींना नावे आहेत, रस्त्यांना नावे आहेत, राजाबाई टॉवरला तर दात्याच्या आईचे नाव आहे. माणसाखाली मात्र छापलेले असते: 'धोबी', 'भिस्ती', 'हिंदू स्त्री'. ती नऊवारीतली स्त्री कॅमेऱ्याकडे सरळ, जरा रागानेच पाहते आहे. तिला नाव होते, सासर होते, कदाचित कडेवरचे मूल घरी ठेवून ती तिथे उभी राहिली असेल. कार्डाच्या लेखी ती एक नमुना.

नमुन्यांच्या या गर्दीत महादेव विश्वनाथ धुरंधरांची कार्डे हाती आली की बरे वाटते. धुरंधर १८६७ साली कोल्हापुरात जन्मले, जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि तिथेच त्यांनी वर्षानुवर्षे शिकवले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसे पोस्टकार्डांसाठी रंगवली. नावे याही माणसांना नाहीत. पण काढणारा त्याच रस्त्याने रोज चालणारा असल्यामुळे माणसे ओळखीची वाटतात. कुणी मान वेळावून बोलते आहे, कुणी दुसऱ्याची फजिती पाहून गालात हसते आहे.

आता जाहिरातींच्या चित्रांकडे वळू, कारण तिथे गंमत न्यारीच आहे. राजा रविवर्म्याने १८९४ साली गिरगावात शिळाप्रेस काढला आणि देवदेवता घरोघर आणल्या. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एकावर एक ठसे उठवीत चित्र पुरे व्हायचे. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला, आणि १९७२ साली तो आगीत जळाला. या चित्रांची लोकप्रियता पाहून व्यापाऱ्यांनी ती उचलली नसती तरच नवल. साबण, बाळांचे अन्न, औषधे यांच्या कॅलेंडरांवर लक्ष्मी, सरस्वती आणि बाळकृष्ण आले. मँचेस्टरच्या कापडाच्या ताग्यांवरही देवांची रंगीत लेबले चिकटून आली. आमच्या आज्या-पणज्यांनी काय केले? साबणाचे नाव कात्रीने कापून टाकले आणि लक्ष्मीला चौकट करून भिंतीवर बसवले. काहींनी तिच्या शालूला खरी जर शिवली, गळ्यात मणी ओवले. त्यामुळे आज लक्ष्मी मिळते, साबण मिळत नाही! खालच्या जाहिरातीसकट आणि वर्षाच्या तारखांसकट आलेला कागद दुर्मिळ, आणि म्हणून महाग. पणजीने जे केरात टाकले त्याचे पैसे पणती मोजते.

नकलाही पुष्कळ निघाल्या आहेत. चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारा केलेला कागद मी स्वतः एकदा भरपूर किमतीला घेतला आहे, तेव्हा अनुभवाने सांगते: भिंग जवळ ठेवावे. दगडावरच्या छपाईत रंगाचे कण वेडेवाकडे, हाताने टिपल्यासारखे दिसतात. अलीकडच्या छपाईत शिस्तीत उभ्या असलेल्या ठिपक्यांच्या रांगा दिसतात. खऱ्या फोटोत ठिपके मुळीच नसतात.

आणि फोटो म्हटला की माझी लेखणी जरा अडखळते.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. भाऊ दाजींचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या उत्साही मंडळींपैकी होते. त्याच साली पॅरिसमध्ये दिस्देरी नावाच्या गृहस्थाने भेटकार्डाएवढ्या छोट्या फोटोचे पेटंट घेतले, आणि फोटो श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून खाली उतरू लागला. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर तो छापत आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवत. (आमच्या घरच्या सोवळ्या मंडळींना हे अंड्याचे प्रकरण ठाऊक नव्हते, हे बरेच झाले.) पुठ्ठ्याच्या पाठीवर फोटोवाल्याचे नाव, पेठ, मिळालेली पदके आणि 'काच जपून ठेवली आहे, आणखी प्रती मिळतील' असे आश्वासन. म्हणजे फोटो कुणी काढला, कुठे काढला, हे पाठ सांगते. फोटोत कोण आहे, हे मात्र ती सांगत नाही. ते लिहायचे काम घरच्यांचे होते. आणि घरच्यांनी ते केले नाही. का करावे? समोर बसलेत ते अण्णा, हे काय लिहून ठेवायचे असते?

आमच्या घरी असा एक फोटो आहे. वाड्याच्या ओसरीपुढे सातजण. मध्ये पणजोबा पगडी घालून, शेजारी पणजी, मागे काळ्या टोपीतले दोघे चुलत आजोबा, पुढे परकरातली माझी आत्या, वय वर्षे चार, आणि मांडीवर माझे वडील. ही झाली सहा माणसे. सातवी एक बाई डाव्या कडेला, जरा अंतर ठेवून उभी आहे. हातात काकण नाही, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, आणि आत्याने तिचे बोट धरलेले आहे. आईचे नव्हे, तिचे!

मी आत्याला एकदा विचारले होते. ती म्हणाली, "ती होय? अगं, ती आपल्याकडेच असायची. मला तिनंच वाढवलं म्हणेनास." एवढ्यात चहा आला, कुणी तरी भाचेसुनेच्या बदलीचा विषय काढला, आणि ते बोलणे तिथेच राहिले. मे महिन्याच्या सुट्टीत येते, नीट बसून सगळ्या फोटोंवर नावे घालू, असे मी तिला सांगून आले. त्या सुट्टीत पेपर तपासायचे होते. पुढच्या सुट्टीत आणखी काही तरी होते. माणसाला काही तरी असतेच. श्रावणात आत्या गेली. शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा परक्या धोब्याच्या कार्डाचा महिना आणि छापखाना शोधण्यात मी अख्खे रविवार घालवले होते. आणि माझ्या आत्याला वाढवणाऱ्या बाईचे नाव विचारायला मला दोन मिनिटे मिळाली नव्हती.

तेव्हापासून मी घरोघर सांगत सुटले आहे. मऊ पेन्सिलने, फोटो पालथा घालून, कडेला हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई फुटते. चिकटपट्टीने फाटका फोटो जोडू नका, ती काही वर्षांत पिवळी पडून कागद खाते. एका काळी घरोघर आलेले ते चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक ओढायचे आल्बम, त्यांतले फोटो निघत असतील तर आजच काढा. पावसाळ्यात कपाटात कसर लागते हे गृहिणींना मी सांगायला नको. बाकी हल्ली फोनमध्ये हजारो फोटो असतात. त्यांच्यावर तारीख आपोआप पडते, नाव त्यांनाही पडत नाही.

गेल्या महिन्यात त्याच बाजारात कुठल्याशा पाडलेल्या वाड्यातला एक गठ्ठा आला होता. त्यात बारा-पंधरा माणसांचा एक कुटुंबफोटो होता. सवयीने उलटा केला, तर पाठभर पेन्सिलीतली बारीक अक्षरे: उजवीकडून कोण, कुणाची कोण, कुठल्या गावी दिली. एका नावापुढे तर 'ही फार हसरी होती' एवढेही लिहिलेले. मी किंमत विचारली. विक्रेत्याने फोटो हातात घेतला, पाठ पाहिली आणि स्वतःहूनच म्हणाला, "मागं खरडलंय कुणी तरी. पन्नास रुपये कमी द्या बाई." मी पुरे पैसे दिले. तो फोटो मात्र संग्रहात लावलेला नाही. पाठीवर एका मुलीच्या सासरचे गाव आहे, आडनाव आहे. त्या घरचे कुणी भेटले तर तो त्यांचा आहे.

आत्याची एक शाळासोबतीण वाईला असते, असे नुकतेच कळले. नव्वदी उलटली आहे, ऐकू कमी येते, पण नजर चांगली आहे म्हणतात. लहानपणी ती आमच्या वाड्यात खेळायला यायची. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने वाईला जायचे ठरवले आहे. फोटो पुठ्ठ्यात घालून पिशवीत ठेवला आहे, भिंग घेतले आहे, आणि पेन्सिलीला टोक करून ठेवले आहे.