पिनेचे वळण

स्टेपलरची पिन कागदात शिरते तेव्हा तिचे अर्धेच काम झालेले असते. पाने धरून ठेवते ते तिच्या दोन्ही पायांना खालच्या बाजूला पडणारे वळण. ते नीट पडले तर वीस पानांचा अर्ज वर्षानुवर्षे सुटत नाही. अर्धवट पडले तर पहिल्याच हाताळणीत पान निसटते. पिन कोणती घ्यावी, कुठे मारावी, यंत्र मध्येच का अडकते आणि मारलेली पिन कशी काढावी, या साऱ्या प्रश्नांची उकल या वळणापाशी येऊन थांबते.

वरचा दांडा दाबला की त्याच्या पुढच्या टोकाखाली बसवलेले पोलादी पाते खाली उतरते. पात्याची जाडी जवळपास पिनेच्या तारेएवढीच असते. पिनांची पट्टी अखंड दिसते, पण त्या सुट्या पिनाच असतात, पातळ चिकट लेपाने एकमेकींना धरलेल्या. पन्हळीतली स्प्रिंग ही पट्टी सतत तोंडाकडे रेटत राहते. तोंडाशी जागा एकाच पिनेपुरती ठेवलेली असल्यामुळे पाते नेमकी पहिली पिन पट्टीपासून तोडते आणि खाली ढकलते. इतकी बारीक तार कागदाच्या थप्पीतून वाकडी न होता जाते, कारण तोंडाच्या भिंती तिच्या पायांना शेवटपर्यंत आधार देतात. शिवाय पायांची टोके तिरकी, छिन्नीसारखी कापलेली असतात. पाय आरपार गेले की यंत्राच्या तळावर बसवलेल्या ऐरणीच्या दोन गोलसर खाचांत उतरतात. खाचेच्या उताराने ते आत वळतात आणि पुन्हा कागदाकडे वर येतात. ही मऊ पोलादाची तार एकदा पुरेशी वाकली की परत सरळ होत नाही. म्हणून हात उचलल्यावर दांडा मागे जातो, पिनेचे वळण मात्र तसेच राहते.

एकाच दाबात पिन घालायची आणि तिचे पाय वळवायचेही, ही कल्पना प्रत्यक्षात आणली अमेरिकेतल्या हेन्री हाइल यांनी. त्यांचे पेटंट १८७७ सालचे. दोन वर्षांनी जॉर्ज मॅकगिल यांचे यंत्र आले. ते किलोभराहून जड होते आणि त्यात दर खेपेला एकच पिन भरावी लागे. पुढे अमेरिकेच्या नॉरवॉक गावातील हॉचकिस कंपनीने पिनांची सलग पट्टी वापरात आणली. पण ती एकाच पत्र्यातून कापलेली असल्याने प्रत्येक पिन तोडायला बराच जोर लागे. चिकट लेपाने जोडलेल्या सुट्या पिना आल्यावर हा त्रास संपला आणि स्टेपलर खऱ्या अर्थाने टेबलावरची वस्तू झाला. भारतात घरोघरी दिसणारी छोटी ‘नंबर १०’ ही जात जपानच्या मॅक्स कंपनीने १९५०च्या दशकात रूढ केली. आपल्याकडे ती पोचवण्यात लुधियानाच्या कंगारो कंपनीचा वाटा मोठा आहे.

पिनेच्या डबीवरचे आकडे वाचता आले की निम्म्या तक्रारी मिटतात. २४/६ मधला २४ हा तारेचा गेज आणि ६ म्हणजे पायाची लांबी मिलिमीटरमध्ये. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. म्हणून २६/६ ची पिन २४/६ पेक्षा नाजूक. नंबर १० चा पाय साधारण ५ मिलिमीटरचा. नीट वळण पडायला जवळपास ३ मिलिमीटर पाय कागदाबाहेर यावा लागतो. नेहमीच्या झेरॉक्स कागदाची दहा पाने मिळून सुमारे १ मिलिमीटर जाडी होते. म्हणजे नंबर १० ची मजल वीस पानांपर्यंत आणि २४/६ ची तिसापर्यंत. शंभर पानांच्या गठ्ठ्याला २३/१३ ची पिन आणि तिचा लांब दांड्याचा जड स्टेपलर हवा. छोट्या स्टेपलरवर मूठ आपटून पन्नास पाने टाचायचा प्रयत्न कचेऱ्यांत रोज होतो. जोर कितीही लावला तरी वळायला पायच उरलेला नसतो, त्यामुळे सारा जोर फुकट जातो. उलट दोनच पानांना फार लांब पायाची पिन मारली तर टोके एकमेकांवर चढतात आणि बोटाला लागतात.

बऱ्याच टेबली स्टेपलरांत ऐरणीची चकती फिरवता येते. फिरवल्यावर पुढे येणाऱ्या खाचा पाय आत वळवण्याऐवजी बाहेर फाकवतात. अशी पिन एका बाजूने ओढली की सहज निघते, म्हणून पाने तात्पुरती एकत्र ठेवायला ही सोय उत्तम. दुर्दैवाने ती असते हेच अनेकांना माहीत नसते. काही स्टेपलरांत ऐरण हलती असते आणि पाय गोल न वळता सपाट दाबले जातात. त्यामुळे फायलींचा ढीग पिनेच्या कोपऱ्याशी फुगत नाही.

कोपऱ्यात मारताना पिन तिरकी, पंचेचाळीस अंशांत ठेवावी. पान उलटताना घडी पिनेच्या रेषेतच पडते, ताण दोन्ही भोकांवर सारखा येतो आणि कागद फाटत नाही. स्टेपलर पूर्ण उघडून, ऐरण बाजूला करून सूचनाफलकावर कागद लावतात; तिथे पाय सरळच आत रुतलेले हवेत. कमी पानांचे दिवाळी अंक सेंटर पिन करतात तेव्हा छापखान्यातले यंत्र रिळावरची तार तिथल्या तिथे कापून, पिन घडवून, घडीच्या कण्यावर मारते. तत्त्व टेबलावरच्या यंत्राचेच.

पिन अडकते तेव्हा बहुधा वाकलेली एखादी पिन तोंडाशी बसलेली असते, किंवा पात्याची धार झिजल्याने एकाऐवजी दोन पिना खाली येऊ पाहतात. अशा वेळी जोर करू नये. पन्हळ उघडून पट्टी मागे घ्यावी, तोंड मोकळे करावे आणि पट्टीच्या टोकाच्या तुटक्या पिना टाकून द्याव्यात. दुसऱ्या मापाची पिन ‘बसते’ म्हणून भरणे हे बिघाडाचे सर्वांत हमखास कारण आहे.

हेच वळण शस्त्रक्रियेतही गेले. बुडापेस्टचे शल्यविशारद ह्यूमेर ह्युल्टल यांनी १९०८ मध्ये जठर टाचणारे उपकरण वापरले. त्याचे वजन साडेतीन किलोहून अधिक होते आणि ते जुळवायलाच दोन तास लागत. त्यांची पिन मिटल्यावर इंग्रजी ‘बी’ अक्षरासारखी होई. आजच्या टायटॅनियमच्या पिनाही तशाच मिटतात. त्या आकाराच्या दोन पोकळ्यांतून बारीक रक्तवाहिन्या वाहत्या राहतात, म्हणून टाचलेली ऊती जगते.

काही ठिकाणी मात्र पिनेची घट्ट पकडच नुकसान करते. नोटांची पुडकी टाचल्याने नोटांना भोके पडत आणि पिन ओढताना त्या फाटत. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००१ मध्ये बँकांना स्टेपल करणे थांबवून कागदी पट्ट्या वापरण्याचे निर्देश दिले. ग्राहकांच्या पोटात पिन जाण्याच्या धोक्यामुळे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये टी-बॅगांवरच्या पिना बंद करण्याचे आदेश काढले.

पिनांच्या तारेवर जस्ताचा पातळ मुलामा असतो, पण तो कापलेल्या टोकांवर नसतो आणि वळणावर ताणला जातो. कोकण-मुंबईच्या दमट हवेत गंज तिथूनच सुरू होतो आणि कागदावर तपकिरी डाग उतरवतो. जुन्या खरेदीखतांवरचे, पत्रांवरचे हे डाग पुसता येत नाहीत. अशी पिन जबडेवाल्या रिमूव्हरने समोरून उपटू नये. कागद पालथा घालून, पिनेखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवून, बोथट पात्याने आधी दोन्ही पाय उभे करावेत. मग कागद उलटा करून वरचा आडवा भाग उचलावा. गंजलेला पाय कागदाला चिकटलेला असेल तर ओढण्याऐवजी बारीक पक्कडीने तो तुकड्यातुकड्यांनी कापून काढावा. जपून ठेवायच्या कागदांना पुन्हा पिन मारू नये. ते आम्लरहित कागदाच्या घडीत सुटे ठेवावेत किंवा जुन्याच भोकांतून सुती दोरा ओवून बांधावेत.