दप्तराची वाट: जुन्नर-आंबेगावच्या आरोग्यनोंदींचा मागोवा

2023 सालाच्या अखेरीस न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांतून जी बासने कित्येक वर्षांनी सोडली गेली, त्यांत गाव नमुना 14 या नावाचे एक अगदी साधे दप्तर होते. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. गावात कोण जन्मले, कोण वारले, त्यांची जात कोणती आणि कशाने वारले, एवढाच त्यातला मजकूर, आणि तोही पुष्कळदा मोडी लिपीत. ज्या कोतवालाने बोरू दौतीत बुडवून एखाद्या अर्भकाच्या मृत्यूपुढे ‘ताप’ एवढी दोन अक्षरे लिहिली असतील, त्याच्या स्वप्नातही आले नसेल की त्याच नोंदीच्या आधारे पुढे त्या घराण्याच्या वंशजांना जातीचा दाखला मिळेल. आपल्याकडील आरोग्यनोंदीची ही पहिली पायरी, आणि तिचा स्वभाव तेव्हापासून आजतागायत फारसा पालटलेला नाही: नोंद गावात होते, तालुक्याला जाते, तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून राजधानीला जाते, मात्र ती शेजारच्या दारी जात नाही.

शिवनेरीच्या पायथ्याचे जुन्नर आणि घोड नदीच्या खोऱ्यातले आंबेगाव या दोन तालुक्यांचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. दोन्ही तालुक्यांचा पूर्वभाग कांदा, टोमॅटो, ऊस आणि द्राक्षे यांनी सधन झालेला. पश्चिमभाग सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेला, महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या विखुरलेल्या वाड्यांचा. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्या ताब्यात गेली. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा देशात आरंभ झाला आणि कालांतराने गावोगावी अंगणवाडी उभी राहिली. तिचा कारभारही जिल्हा परिषदेकडेच. म्हणजे एकाच इमारतीत दोन खाती, दोन कपाटे आणि एकाच बालकाच्या दोन नोंदी. नर्सबाईंच्या नोंदवहीत त्याचे डोस, अंगणवाडीताईंच्या नोंदवहीत त्याचे वजन. आदिवासी पट्ट्यात यात तिसऱ्या खात्याची भर पडली. घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी आहे, आणि 2015 च्या डिसेंबरपासून अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण मिळू लागले. पैसा आदिवासी विकास विभागाचा, शिजवणे अंगणवाडीचे, आणि बाई गरोदर आहे हे प्रथम लिहून ठेवणार आरोग्य उपकेंद्राची परिचारिका. तीन खात्यांच्या नोंदींनी एकमेकींना ओळखावे अशी निकड यापूर्वी कधी इतकी स्पष्ट झाली नव्हती.

असे असूनही त्यांतल्या दोन खात्यांच्या नोंदी खऱ्या अर्थाने एकत्र आल्या त्या एका जाड कागदाच्या घडीवर. माता-बाल संरक्षण कार्ड हे आरोग्य आणि महिला-बालविकास या दोन्ही मंत्रालयांनी मिळून काढलेले. एका अंगाला गरोदरपणातील तपासण्या आणि लसींच्या तारखा, दुसऱ्या अंगाला वाढीचा आलेख, त्यावर हिरवा, पिवळा आणि नारिंगी असे तीन पट्टे. वाडीवर त्याला कुणी एवढ्या लांब नावाने ओळखत नाही. ते ‘डोसाचं कार्ड’. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत तळाशी, लग्नातल्या साडीखाली ठेवलेले असते. दोन खात्यांच्या शाईने लिहिलेला आणि तिसऱ्याच माणसाच्या, म्हणजे आईच्या, ताब्यात असलेला हा एकमेव कागद.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीवर मी पावसाळ्याच्या अखेरीस गेलो होतो. त्या दिवशी तेथे लसीकरणाचा वार होता. अंगणवाडीच्या आढ्याला वजनकाटा टांगलेला. त्याच्या झोळीत दीड वर्षाची एक मुलगी ओठ काढून बसली होती. काटा स्थिर होताच अंगणवाडीताईंनी आकडा मोठ्याने सांगितला, आणि तो एक आकडा चार ठिकाणी उतरला: कार्डावर, नर्सबाईंच्या नोंदवहीत, आशाताईंच्या डायरीत आणि ताईंच्या मोबाईलमध्ये. पण मोबाईलने ती मुलगी ओळखलीच नाही. कारण साधे होते. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. आईचे माहेर घाटापलीकडच्या अकोले तालुक्यातले, बाळाची नोंद तिकडच्या अंगणवाडीत झालेली, आणि सासरी परतताना नोंद बरोबर आली नव्हती. ‘तिकडं नाव कमी केल्याबिगर इकडं घेईना,’ ताई म्हणाल्या. आईने मात्र पेटीतले कार्ड आणले होते, आणि जन्मवेळच्या वजनापासून सारा तपशील त्यावर होता. यंत्र अडले होते, कागद चालत होता.

यावरून कागदाची महती आणि यंत्राची निंदा असा सोपा निकाल देणे अन्यायाचे होईल. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि 151 माणसे गेली. जेथे घरे गेली तेथे पेट्याही गेल्या, त्यांतील कागदही गेले. आणि जी माणसे वाचली, त्यांच्यासाठी अन्यत्र एखादी प्रत असणे म्हणजे काय असते, हे अशा दिवशी कळते. एकट्या कार्डावर विसंबता येत नाही, एवढे तरी माळीणने शिकवले.

यंत्रांचा काळ या दोन तालुक्यांत टप्प्याटप्प्याने आला. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्याबरोबर आशाताई आल्या. त्याच वर्षी राज्याने माता-बाल आरोग्य व पोषणाचे अभियान उभारले आणि त्याला, शिवनेरीवर ज्यांचे मातृत्व घडले त्या राजमाता जिजाऊंचे नाव दिले. 2009 च्या सुमारास माता व बालकांचा संगणकीय मागोवा घेणारी केंद्राची प्रणाली निघाली. 1 मार्च 2021 रोजी अंगणवाडीच्या मोबाईलवर पोषण ट्रॅकर आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या अंगणवाडीताईंनी सरकारी मोबाईल परत केले. तक्रार अशी की यंत्रे निकृष्ट आणि आज्ञावलीत मराठी नाही. या तक्रारीला आळस म्हणणारे म्हणोत. पण जी बाई मराठीत वजन सांगते, तिला ते इंग्रजीत भरावयास लावणे म्हणजे मोडी जाणणाऱ्या कोतवालाकडे फारसी दप्तर सोपवण्यासारखेच होते.

त्याच्या थोडे आधी, कोरोनाच्या साथीत, 15 सप्टेंबर 2020 पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आशा आणि अंगणवाडीच्या कार्यकर्त्या बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरल्या, आणि दोन खात्यांची माणसे एकाच यादीवर काम करताना दिसली. मोहिमेची मुदत संपली आणि दोघी आपापल्या नोंदवह्यांकडे परतल्या.

नोंद आडवी, म्हणजे शेजारच्या दारी, जाऊ शकते, याचा एक दाखला मात्र आपल्यासमोर आहे. क्षयरोग्याचे नाव निक्षय प्रणालीत चढले की एप्रिल 2018 पासून त्याच्या बँक खात्यात पोषणासाठी दरमहा 500 रुपये जमा करण्याची तरतूद झाली; नोव्हेंबर 2024 पासून ती रक्कम 1000 झाली. वैद्याच्या नोंदीने रोग्याच्या ताटापर्यंत पोहोचावे, हे येथे निदान तत्त्वतः साधले. आणि जेथे ते साधत नाही तेथील माणसेही डोळ्यांपुढेच आहेत: नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर पहाटे उभ्या राहणाऱ्या, डोंगरावरून कामासाठी उतरलेल्या बाया, आणि विघ्नहर व भीमाशंकर कारखान्यांच्या हंगामात कोपीत राहणारी ऊसतोड कुटुंबे. यांची नोंद एका गावी आणि मूल दुसऱ्या गावी.

27 सप्टेंबर 2021 रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झाले आणि आता प्रत्येकाला 14 अंकांचे आभा खाते मिळू शकते. कागदपत्रे रोग्याच्या संमतीनेच पुढे जातील, असे त्याचे तत्त्व आहे. तत्त्व उत्तम आहे, पण नुसत्या तत्त्वाने भागत नाही. इंग्लंडात 2013 साली लोकांच्या वैद्यकीय नोंदी एकत्र करण्याची योजना जाहीर झाली आणि 2016 मध्ये ती गुंडाळावी लागली, ती यंत्र बिघडल्यामुळे नव्हे. आपल्या नोंदींचे काय होणार हे लोकांना धड सांगितले गेले नाही म्हणून त्यांचा विश्वास उडाला. आपल्याकडे संमती म्हणजे मोबाईलवर आलेला आकडा ताईंना वाचून दाखवणे, एवढाच अर्थ उरला, तर कोतवाल बुकाचा इतिहास आठवावा: एका हेतूने झालेली नोंद कोणत्या हेतूला लागेल, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याला कुणी विचारलेले नसते.

म्हणून शेवटी एकच मागणे मागावेसे वाटते. 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाराष्ट्रातील शेतकऱ्याला घरबसल्या काढता येतो. आपल्या जमिनीची नक्कल मागताना त्याला कुणाची मनधरणी करावी लागत नाही. तेवढाच हक्क वाडीवरच्या आईला असावा. तिच्या मुलाच्या साऱ्या नोंदी, त्या कोणत्याही खात्याने केलेल्या असोत, मराठीत छापलेल्या एका पानावर, तिने मागताच मिळाव्यात, आणि माहेरच्या नोंदी सासरी तिच्या अनुमतीने आपोआप याव्यात. जमिनीचा उतारा देणाऱ्या सरकारला माणसाचा उतारा देणे अवघड नाही.